थिजलेला पडदा, जागं यंत्र



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत वीजतंत्री घडवत. त्यांचे विद्यार्थी आज समोर बसले आहेत, त्यांना सरांविषयी मी काय सांगणार! पण त्यांच्या कार्यशाळेतला एक नियम आजच्या विषयाच्या मुळाशी आहे, तेवढा सांगतो: मोजल्याशिवाय सुटा भाग बदलायचा नाही. सरांसमोर मोटर असे, स्टार्टर असे. मी आज टेबलावरचा कॉम्प्युटर घेतो, आणि त्यातलाही एकच बिघाड.

काम चालू असताना पडद्यावरचं चित्र जागच्या जागी थांबतं. माउसचा बाण हलत नाही, कोपऱ्यातलं घड्याळ पुढे सरकत नाही, टाइप केलेली अक्षरं उमटत नाहीत. आपण म्हणतो, हँग झाला. मग माउस आपटला जातो, एंटर पुन्हा पुन्हा दाबलं जातं, शेवटी पॉवरचं बटण दाबून धरलं जातं. आठवड्यात दोन-चारदा असं झालं की डबा रिक्षात घालून दुकानात नेतात, आणि तिथे उत्तर तयार असतं: फॉरमॅट मारून देतो.

या उत्तराला माझा विरोध आहे, दुकानदारांना नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आणि तालुक्या-तालुक्यांत बसलेल्या कारागिरांनी किती तरी घरांतली जुनी मशीनं चालती ठेवली आहेत. एका मशीनमागे मिळणाऱ्या मजुरीत दोन तास विचार करत बसणं त्यांना परवडत नाही, हेही खरं. पण फॉरमॅट मारला की बिघाडाच्या नोंदी पुसल्या जातात, आणि दोष एखाद्या सुट्या भागात असेल तर तो तसाच राहतो. शिवाय परत येताना मशीनबरोबर एक वाक्य येतं: ‘तुम्ही काहीतरी दाबलं असेल.’ कचेरीत हे वाक्य कोणाच्या वाट्याला येतं ते पाहा. टंकलेखन करणाऱ्या बाईंच्या, ग्रंथपालांच्या, नव्याने रुजू झालेल्या मुलाच्या. हा ठपका अनेकदा खोटा असतो, आणि तो खोटा आहे हे दाखवून देता येतं. म्हणून मला हा विषय एका व्याख्यानाच्या योग्यतेचा वाटतो.

आधी पडद्यावरचं चित्र येतं कुठून, ते पाहू. ते मेमरीत साठवलेलं असतं. १९२० गुणिले १०८० बिंदूंचा साधा मॉनिटर घ्या. बिंदू झाले २० लाख ७३ हजार ६००. एका बिंदूच्या रंगासाठी चार बाइट धरले, तर एका चित्राला सुमारे ८३ लाख बाइट लागतात. ग्राफिक्स कार्डातला एक भाग ही साठवण सेकंदाला ६० वेळा, पहिल्या बिंदूपासून शेवटच्या बिंदूपर्यंत, वाचतो आणि मॉनिटरकडे पाठवतो. सेकंदाला जवळजवळ ५० कोटी बाइट! १९७३ साली झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात आल्टो हा कॉम्प्युटर तयार झाला, तेव्हा ६०६ गुणिले ८०८ काळ्या-पांढऱ्या बिंदूंच्या चित्राने त्याची जवळपास निम्मी मेमरी व्यापली होती. मेमरी पुढे स्वस्त झाली, कल्पना तीच राहिली.

साठवलेलं चित्र वाचून पाठवणारा भाग वेगळा आणि नवं चित्र रेखाटणारा भाग वेगळा, हे इथे नीट लक्षात घ्या. रेखाटणारा अडकला तरी वाचणारा थांबत नाही. तो तेच जुनं चित्र सेकंदाला ६० वेळा इमानेइतबारे पाठवत राहतो. थिजलेला पडदा आपल्याला दिसतो तो असा. म्हणजे मॉनिटर ठीक आहे, केबल ठीक आहे, कार्डाचा पाठवणारा भाग चालू आहे, एवढं तर चित्र दिसतंय यावरूनच कळलं. पडदा काळा होऊन ‘नो सिग्नल’ आलं असतं तर शोधाची वाट वेगळी असती. रंगीत पट्टे किंवा चौकटी उमटल्या असत्या, तर कार्डाच्या मेमरीवर आधी संशय घेतला असता.

रेखाटण्याच्या कामातही अनेकांचे हात असतात. प्रोग्रॅम सांगतो, खिडक्या सांभाळणारी व्यवस्था ते ऐकते, ती ड्रायव्हरला सांगते, ड्रायव्हर कार्डाला. लिनक्सवर खिडक्यांची ही व्यवस्था अनेक वर्षं एक्स विंडो सिस्टिमने पाहिली. १९८४ साली एमआयटीत बॉब शायफ्लर आणि जिम गेटिस यांनी ती सुरू केली. १९८७ साली तिची अकरावी आवृत्ती आली, आणि तीच एक्स-११ आजही असंख्य मशीनवर चालते. २००८ साली क्रिस्टियन हॉग्सबर्ग यांनी सुरू केलेलं वेलँड आता तिची जागा घेत आहे. या रचनेत चित्र दाखवणारा सर्व्हर हा स्वतःच एक प्रोग्रॅम असतो. तो मेला तर खिडक्या उघडून बसलेले प्रोग्रॅम त्याच्याबरोबर जातात. पण ज्या कामांना खिडकीच लागत नाही, ती त्याच्यावाचून चालू राहतात: डेटाबेस, छपाईची रांग, नेटवर्क.

आता एक खरं मशीन पाहू. एका तालुक्याच्या सार्वजनिक ग्रंथालयातलं. ते देणगीत आलेलं होतं. आधी एका आर्किटेक्टच्या कार्यालयात वापरात असल्यामुळे त्यात वेगळं ग्राफिक्स कार्ड होतं. ग्रंथालयाने त्यावर लिनक्स आणि कोहा ही ग्रंथालयाची मुक्त प्रणाली बसवून घेतली होती. सकाळी ग्रंथपाल बाई त्यावर पुस्तकांच्या नोंदी करत, आणि दुपारी शाळा सुटल्यावर त्याच मशीनवर मुलांना माहितीपट दाखवत. पडदा थिजायचा तो बहुधा या माहितीपटांच्या वेळी. दुकानातून ते दोनदा फॉरमॅट होऊन आलं होतं. फिल्ममधून व्हायरस आला, असं निदान झालं होतं, आणि कार्यकारिणीच्या बैठकीत मुलांचा तो तास बंद करायची भाषा सुरू झाली होती.

बाईंनी मला जे सांगितलं त्यात सगळ्यात मोलाची गोष्ट त्यांना स्वतःला किरकोळ वाटत होती. टेबलावरचा पडदा थिजलेला असतानाही वाचनकक्षातल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर वाचकांना पुस्तकं शोधता येत होती. कोहा चालत होती ती याच मशीनवर! म्हणजे पडदा थिजलेला असताना प्रोसेसर काम करत होता, मेमरी करत होती, डिस्क करत होती, नेटवर्क करत होतं. दुकानात हे कोणी विचारलं नव्हतं. जिच्यावर ठपका होता, तिनेच तपासाचा अर्धा रस्ता आधी चालून ठेवला होता.

इथे कॅप्स लॉकच्या दिव्याविषयी बोललं पाहिजे, कारण त्यावरून फार लोक फसतात. कॅप्स लॉक दाबा, दिवा लागला तर यंत्र जिवंत, नाही लागला तर मेलं, असं सर्रास सांगितलं जातं. पहिला अर्धा भाग बरोबर आहे. दुसरा लिनक्सच्या चित्रमय पडद्यावर टिकत नाही, कारण तिथे हा दिवा खिडक्या सांभाळणारी व्यवस्था लावते आणि विझवते. तीच कार्डाच्या उत्तराची वाट पाहत अडकली असेल तर दिवा हलणार नाही, आणि खालचा कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, मात्र ठणठणीत असेल. ग्रंथालयातल्या मशीनचा दिवा हलत नव्हता. त्यावरून दुकानाने यंत्र पूर्ण बंद पडतं असं धरलं होतं. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-३ दाबून अक्षरी पडद्यावर जाण्याच्या कळांचंही तेच. त्या कळाही चित्राचा सर्व्हरच आधी ऐकतो, म्हणून त्यांनी काही झालं नाही तरी यंत्र मेलं असं ठरत नाही.

खरी चाचणी बाहेरून घ्यावी लागते. त्याच नेटवर्कवरच्या दुसऱ्या कॉम्प्युटरवरून पिंग करायचं, म्हणजे यंत्र उत्तर देतं का ते पाहायचं, आणि एसएसएच या दुरून प्रवेश देणाऱ्या सोयीने आत शिरायचं. ही सोय यंत्र धड असतानाच करून ठेवावी लागते. पडदा थिजल्यावर ती बसवता येत नाही. आम्ही ती बसवली आणि पुढच्या माहितीपटाची वाट पाहिली. पडदा थिजला, आणि शेजारच्या लॅपटॉपवरून मी आत गेलो. प्रोसेसरवर भार नव्हता, मेमरी मोकळी होती, तापमान बेतात होतं. कर्नलच्या नोंदींत मात्र स्पष्ट लिहिलेलं होतं: ग्राफिक्स कार्डाला दिलेलं काम ठरलेल्या वेळेत पूर्ण झालं नाही, कार्ड नव्याने सुरू करण्याचा प्रयत्न केला, तो फसला.

या नोंदी कुठे आणि कधी लिहिल्या जातात हे फार थोड्यांना माहीत असतं. आजच्या बहुतेक लिनक्स वितरणांत सिस्टिमडीची जर्नल नावाची व्यवस्था त्या ठेवते. डिस्कवर त्या पक्क्या करण्याचं तिचं मूळ वेळापत्रक पाच मिनिटांचं आहे. अतिगंभीर दर्जाची नोंद आली तरच ती लगेच पक्की करते. ग्राफिक्सच्या चुका सहसा त्या दर्जाच्या खालच्या असतात. म्हणजे पडदा थिजताच पॉवरचं बटण दाबून धरलं, तर ज्या चार ओळींत कारण लिहिलेलं होतं नेमक्या त्याच हरवू शकतात. मग दुकानात गेल्यावर नोंदी कोऱ्या दिसतात, आणि कोऱ्या नोंदींवरून व्हायरस निघतो. मला हे पाहून वाईट वाटतं, कारण यंत्राने आपलं दुखणं लिहून ठेवलेलं असतं आणि आपणच ते फाडतो.

दुसरा कॉम्प्युटर जवळ नसेल तर लिनक्समध्ये आणखी एक वाट आहे. कीबोर्डवरच्या प्रिंट स्क्रीनच्या कळीला सिस्टिम रिक्वेस्ट असं जुनं नाव आहे. ऑल्टबरोबर ती दाबून धरून एकेक अक्षर दाबलं, तर ती आज्ञा चित्राच्या सर्व्हरकडे न जाता थेट कर्नलकडे जाते. आर, ई, आय, एस, यू, बी, या क्रमाने आणि प्रत्येक अक्षरानंतर काही सेकंद थांबून. आर कीबोर्ड परत ताब्यात घेतो. ई सगळ्या प्रोग्रॅमांना आवरतं घ्यायला सांगतो, आय न ऐकणाऱ्यांना बंद करतो. एस मेमरीतला मजकूर डिस्कवर उतरवतो, यू डिस्कवर पुढचं लिखाण थांबवतो, बी मशीन पुन्हा सुरू करतो. उबुंटूवर मूळ मांडणीत यांपैकी एस, यू आणि बी या तीनच खुल्या असतात, पण फायली वाचवायला त्या तीन पुरतात. कर्नलच थांबला असेल तर यातलं काहीच चालत नाही. मग बटण दाबून धरण्यावाचून इलाज नाही, आणि तेव्हा ते निःशंक दाबावं.

ग्रंथालयाकडे परत येऊ. नोंदीने कार्डाकडे बोट दाखवलं, आणि इथेच घाई होते. कार्ड वेळेत उत्तर देत नाही, यामागे ड्रायव्हर असू शकतो, कार्ड असू शकतं, किंवा कार्डाला मिळणारी वीज. तिघेही एकाच खुणेने बोलतात. त्यांना वेगळं करायचं तर एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बाकी सगळं होतं तसं ठेवायचं. आधी जुन्या कर्नलवर मशीन सुरू केलं, म्हणजे ड्रायव्हरही जुना आला. पडदा थिजलाच. मग कार्ड काढून प्रोसेसरमधल्या अंगभूत ग्राफिक्सवर मॉनिटर जोडला. माहितीपट सुरळीत चालू लागले. इथे थांबून कार्ड खराब आहे असं म्हणणं सोपं होतं, आणि दहातले नऊ जण तेच म्हणतील. पण कार्ड काढलं तेव्हा दोन गोष्टी बदलल्या होत्या: कार्ड गेलं, आणि कार्ड खात होतं तो विजेचा भारही गेला. म्हणून ते कार्ड दुसऱ्या मशीनमध्ये घालून दिवसभर ताणून पाहिलं. तिथे ते निर्दोष चाललं. मग ग्रंथालयातल्या मशीनला ते परत लावलं आणि एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, उसना आणलेला जोडला. पडदा थिजणं थांबलं.

जुन्या एसएमपीएसच्या पिवळ्या तारेवर मल्टिमीटर लावला. एटीएक्स मानकानुसार तिथे १२ व्होल्ट हवेत, आणि पाच टक्के इकडे-तिकडे चालतं, म्हणजे ११.४ ते १२.६. नुसत्या नोंदी करताना आकडा ठीक होता. माहितीपट सुरू होऊन कार्डावर भार आला की तो ११.४ च्या खाली उतरत होता. गावातल्या टीव्ही दुरुस्त करणाऱ्या एका जाणत्या कारागिराने तो डबा उघडला तेव्हा आतल्या कपॅसिटरांची टोपणं फुगलेली होती. हा डबा तुम्ही घरी उघडू नका. वायर काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरांत जीव घेण्याइतका भार राहू शकतो.

मुलांचा तास चालू राहिला. फिल्मचा दोष नव्हता, बाईंचा नव्हता, लिनक्सचाही नव्हता. दोन वेळा फॉरमॅट मारून कपॅसिटर दुरुस्त होणार नव्हते.

सगळे थिजलेले पडदे विजेमुळे थिजत नाहीत, हे सांगायला हवं. घरोघरी आणि शाळांत माझ्या पाहण्यात सगळ्यात जास्त येतं ते मेमरी संपणं. चार जीबी रॅम, ब्राउझरमध्ये भराभर उघडलेली पानं, आणि जुनी फिरती हार्ड डिस्क. रॅम भरली की यंत्र डिस्कला मेमरी म्हणून वापरू लागतं. डिस्क त्या मानाने इतकी संथ की सगळं थबकतं. याची खूण वेगळी असते: कॅबिनेटवरचा डिस्कचा दिवा सलग पेटलेला राहतो, बाण अधूनमधून झटका मारून सरकतो. अशा वेळी पाच मिनिटं हात बाजूला ठेवून बसा. बरेचदा यंत्र स्वतः सावरतं. फेडोरा या लिनक्स वितरणाने २०२० साली आपल्या ३२व्या आवृत्तीपासून, मेमरी संपत आली की सर्वांत जड प्रोग्रॅम वेळीच बंद करणारी अर्लीऊम ही सोय डेस्कटॉपवर चालू करूनच द्यायला सुरुवात केली, ती याच त्रासामुळे. बाण मोकळा हिंडतो पण एकाच प्रोग्रॅमची खिडकी ऐकत नाही, तर दोष बहुतेक त्या प्रोग्रॅमचा. त्यासाठी मशीनला हात लावायचं कारण नाही.

रॅमच्या पट्टीविषयी थोडं. आपल्याकडे पट्टी काढून तिचे सोनेरी दात खोडरबराने पुसायची रीत आहे, आणि कोकणाच्या दमट हवेत तिने खरोखर फरक पडतो. खोडरबराचा कीस झटकूनच पट्टी परत लावा. पट्टीचाच संशय असेल तर मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम रात्रभर चालवा. त्यात एक जरी चूक निघाली तरी पट्टी बदलण्याजोगी समजावी; ‘एखादी चूक चालते’ हे मेमरीच्या बाबतीत खोटं आहे.

विंडोजवर हीच गोष्ट निराळ्या रूपात भेटते. व्हिस्टापासून विंडोज ग्राफिक्स कार्डावर पहारा ठेवते. कार्डाने दोन सेकंदांत उत्तर दिलं नाही तर ती ड्रायव्हर नव्याने सुरू करते, आणि पडदा क्षणभर काळा होऊन परत येतो. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये याची नोंद ४१०१ या क्रमांकाखाली सापडते. अलीकडच्या विंडोजवर विंडोजची कळ, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकत्र दाबून ड्रायव्हर आपणही नव्याने सुरू करू शकतो. थिजलेल्या पडद्यावर ही युक्ती आधी करून पाहावी. त्याच यादीत कर्नल-पॉवर ४१ ही नोंद लाल खुणेसह दिसते आणि लोक तिलाच कारण समजतात. ती एवढंच सांगते की मशीन रीतसर बंद न होता पुन्हा सुरू झालं. बटण तुम्हीच दाबून धरलं असेल तर ती नोंद तुमच्या बोटाची आहे. तिच्या आधीच्या मिनिटांत काय लिहिलंय ते वाचा.

उष्णतेचं नाव मी मुद्दाम मागे ठेवलं, कारण ते सगळ्यांना आधी सुचतं. धूळ साचून पंखा गुदमरतो हे खरं आहे, आणि तपासायला सोपं आहे: तापमान वाचा, कार्डाचा पंखा डोळ्यांनी फिरताना पाहा. पण उष्णतेचं दीर्घकाळचं नुकसान अधिक फसवं असतं. २००८ च्या जुलैमध्ये एनव्हिडियाने लॅपटॉपमधल्या आपल्या काही चिपांच्या बांधणीतल्या दोषापोटी १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद जाहीर केली. चिप तापते, निवते, पुन्हा तापते. त्या फेऱ्यांत खालचे बारीक जोड कमकुवत होत होते. अशा बिघाडात यंत्र थंड असतानाही पडदा दगा देतो, आणि त्या क्षणी वाचलेलं तापमान निर्दोष असतं.

शेवटी दुकानात जाण्याविषयी, कारण सगळ्यांना हे घरी करता येणार नाही आणि करायलाच पाहिजे असंही नाही. मशीनबरोबर एक कागद द्या. पडदा थिजला तेव्हा काय चालू होतं, किती वाजले होते, बाण हलत होता की नाही, डिस्कचा दिवा कसा होता, आवाज चालू होता का. नेटवर्कवरून मशीन उत्तर देत होतं का, हेही लिहा. गाणं वाजत राहिलं आणि चित्र थांबलं, ही एक ओळ कारागिराचा एक दिवस वाचवते. माझा डेटा विचारल्याशिवाय पुसायचा नाही, असं त्याच कागदावर लिहा. काही बदललं तर जुना भाग परत मागा आणि तो का बदलला ते बिलावर लिहून घ्या. चांगला कारागीर हे आनंदाने करतो. त्याला विचार करायला वेळ लागला असेल तर त्या वेळेचे पैसेही द्या, नुसत्या सुट्या भागाचे नकोत. कोणी कारण लिहून द्यायला तयार नसेल, तर मशीन परत आणा. बॅकअप हाताशी असला की दुसरं दुकान शोधायची घाई नसते.